तेवीस जातींची यादी : एका परिपत्रकाचं परीक्षण



पेटची तयारी करणाऱ्या दोघी-तिघींनी मागच्या महिन्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "ताई, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सारांश लिहायचा की टीका करायची? आणि टीका करायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. तेव्हा टीका म्हणजे चुका काढणं असं मला वाटायचं. मग मी प्रत्येक पेपरखाली "नमुना लहान आहे" असं लिहून मोकळी व्हायचे. गाईडनी एकदा विचारलं, "लहान म्हणजे किती? आणि किती असता तर पुरला असता?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून आज एक मजकूर घेऊन प्रत्यक्ष परीक्षण करून बघू. हा मजकूर म्हणजे संशोधनाचा पेपर नाही, सरकारी परिपत्रक आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवलेलं, कुत्र्यांच्या २३ जातींवरच्या बंदीचं पत्र. तुम्ही बातमी वाचली असेल. मूळ पत्र मात्र फार थोड्यांनी वाचलंय. पहिला धडा इथेच आहे. बातमीवर टीका करू नका, मूळ कागद मिळवा.

आधी घटनाक्रम

दिल्ली उच्च न्यायालयात धोकादायक कुत्र्यांवर बंदी घाला अशी याचिका आली होती. ६ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं की याचिकाकर्त्यांच्या निवेदनावर केंद्राने तीन महिन्यांत निर्णय घ्यावा. हे लक्षात ठेवा : निर्णय घ्या असं सांगितलं होतं, बंदी घाला असं नाही. मार्चमध्ये पत्र निघालं. पशुसंवर्धन आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने काही जाती माणसाच्या जिवाला घातक ठरवल्या आहेत, तेव्हा या जातींच्या विक्रीला, पैदाशीला आणि पाळण्याला स्थानिक संस्थांनी परवाने देऊ नयेत, आणि ज्यांच्या घरी आधीच असे कुत्रे आहेत त्यांचं निर्बीजीकरण व्हावं, असा त्याचा आशय. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केलं.

म्हणजे परिपत्रक महिनाभरही नीट टिकलं नाही. मग आता त्यावर का लिहायचं? कारण ज्या भीतीतून ते आलं ती खरी आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौला एक वृद्ध बाई घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला एक लहान मुलगा असाच गेला. त्यानंतर गोव्यात पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदीची पावलं उचलली गेली. म्हणजे हा विषय परत परत येणार आहे. पुढची यादी कुणीतरी बनवेल, कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी त्या समितीत बसेल. तेव्हा आधीची यादी कुठे कच्ची होती हे कळायलाच हवं.

प्रश्न पहिला : कशाबद्दल बोलतोय ते ठरलंय का?

यादी हातात घ्या आणि पेन्सिलने खुणा करत वाचा. सुरुवातीला "तोसा इनू" आहे. पुढे "जपानी तोसा आणि अकिता" आहे. तोसा इनू आणि जपानी तोसा हा एकच कुत्रा. एका ठिकाणी "बोअरबोएल" आहे, पुढे "मास्टिफ" आणि कंसात "बोअरबुल". पुन्हा तेच. मग "टेरियर" असा एकच शब्द येतो. टेरियर ही एक जात नाही, तो अख्खा गट आहे. मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही त्यातच बसतो. शेवटी "बॅन डॉग म्हणून सामान्यतः ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा" आणि या सगळ्यांचे संकर.

आता तुम्ही म्हणाल, टायपिंगच्या चुका असतील, त्यात काय? इथेच थांबा. एकच गोष्ट दोन नावांनी दोनदा येते, तेव्हा बहुतेक वेळा यादी वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून एकत्र केलेली असते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एकच चल दोन नावांनी आला तर परीक्षक हाच तर्क करणार, एवढं नक्की.

आणि एक भाषेची गोष्ट. बऱ्याच मराठी बातम्यांत "२३ प्रजातींवर बंदी" असं छापून आलं. प्रजाती म्हणजे स्पीशीज. पिटबुल, पॉमेरेनियन आणि आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रं, तिघांची प्रजाती एकच. जात वेगळी. हा फरक शब्दांपुरता नाही. प्रजातींमध्ये निसर्गाने घातलेली भिंत असते, जातींमध्ये माणसाने घातलेलं कुंपण असतं आणि ते ओलांडलं जातंच. संकरांवरही बंदी म्हटलं की प्रश्न येतो : किती पिढ्यांपर्यंत? आणि हे ठरवणार कोण, नगरपालिकेचा कारकून?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. देवणी गाय लातूरकरांना सांगायला नको. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे रंगावरून ओळखले जाणारे प्रकार आहेत, तरी जात एकच, देवणी. जात म्हणजे काय, तिची लक्षणं कोणती, ती कुठल्या भागातली, हे लिहून, मोजून, तपासून मग कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद होते. गायीचं संवर्धन करायचं तर एवढी मेहनत, आणि कुत्र्यावर बंदी घालायची तर एक शब्द, "टेरियर"?

कुत्र्याच्या बाबतीत हे काम सोपं नाही, हेही कबूल करू. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. हाच कुत्रा कर्नाटकात मुधोळ म्हणून प्रसिद्ध आहे. देशातली एक केनेल संस्था त्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणते, दुसरी मुधोळ हाउंड. ब्युरोच्या नोंदीत राजपालयम आणि चिप्पीपराईसोबत मुधोळ हाउंड आहे. मग जानवळचा कुत्रा कोण? मी तिथल्या एका आजोबांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, "लेकी, कागदावर काय बी लिवा. कुत्रं पळालं की कळतंय कुठलं हाय ते."

आजोबांची व्याख्या तुमच्या प्रबंधात चालणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी परिपत्रकात नाही : ती तपासून बघता येते.

केवळ बघून जात ओळखणं किती बेभरवशाचं असतं, यावर व्हिक्टोरिया व्हॉइथ आणि सहकाऱ्यांचा २००९ चा एक छोटा अभ्यास आहे. दत्तक दिलेले २० संकरित कुत्रे, संस्थांनी बघून लिहिलेल्या जाती आणि डीएनए चाचणीचा निकाल यांची तुलना. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत संस्थेने सांगितलेली जात डीएनएत सापडली नाही. नमुना २० चाच आहे, त्यामुळे यावरून नेमकी टक्केवारी भारताला लावू नका. पण "नुसतं बघून ओळखता येतं" या गृहीतकाला प्रश्न विचारायला २० पुरतात. आता माझ्या गाईडच्या प्रश्नाचं उत्तर लक्षात येतंय ना? नमुना किती लागतो हे तुम्ही दावा कोणता करताय त्यावर ठरतं.

प्रश्न दुसरा : मोजलंय काय?

परिपत्रकात एकही आकडा नाही. या २३ जातींचे देशात किती कुत्रे आहेत, ते किती जणांना चावले, किती दगावले, काही नाही.

आकडा असता तरी कुठून आला असता, याचा विचार करा. देशात २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. हा आकडा सगळीकडे वापरला जातो. पण प्रसिद्ध होणाऱ्या या आकड्यांत कुत्र्याची जात नसते. मी चौथीत असताना मला आमच्या वस्तीतलं कुत्रं चावलं होतं. पिंढरीवर अजून खूण आहे. दवाखान्याच्या कागदावर "कुत्रा" एवढाच शब्द होता. कुणाचा, कसला, पाळीव की मोकाट, काही नाही. त्या नर्सताईंची चूक नव्हती, कागदावर रकानाच नव्हता. आज विचार करते तेव्हा वाटतं, तो नसलेला रकाना हीच आपली संशोधनातली रिकामी जागा आहे.

अंश आणि छेद हा मुद्दा इथे पक्का करून घ्या. समजा, एखाद्या शहरात वर्षात दहा चावे रॉटवायलरचे आणि शंभर चावे लॅब्राडॉरचे आहेत. लॅब्राडॉर जास्त धोकादायक का? सांगता येणार नाही. शहरात रॉटवायलर पन्नास असतील आणि लॅब्राडॉर पाच हजार. तर वीस टक्के आणि दोन टक्के असा उलटा निकाल लागेल. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत.) छेदासाठी पाळीव कुत्र्यांची नोंदणी लागते. ती नीट नसेल तर चाव्यांची नोंद कितीही चांगली असली तरी दर काढता येणार नाही.

आता बंदीच्या बाजूने जो सगळ्यात मजबूत मुद्दा आहे तो मांडते. समोरच्याचा कच्चा मुद्दा खोडणं म्हणजे टीका नाही. मुद्दा असा : चावे किती, हा प्रश्नच नाही, चावा किती खोल, हा प्रश्न आहे. पॉमेरेनियन दहादा चावला तर दहा टाके पडतील. चाळीस-पन्नास किलोचा, पकड न सोडणारा कुत्रा एकदाच चावला तर लेकराचा जीव जाईल. हा मुद्दा मला पटतो. पण मग मोजायचं माप बदलतं. वारंवारता नाही, तीव्रता मोजावी लागेल. आणि मग यादी जातीची कशाला, वजनाची आणि जबड्याच्या ताकदीची का नाही, याचं उत्तर द्यावं लागेल. परिपत्रकाने हा मुद्दा मांडलाच नाही. त्याने फक्त "घातक" हा शब्द वापरला.

प्रश्न तिसरा : कारण सिद्ध झालंय का?

जातीमुळे स्वभाव, स्वभावामुळे हल्ला, अशी साखळी गृहीत धरलेली आहे. पहिल्या कडीवर २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात मॉरिल आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांची प्रश्नावली आणि २,१५५ कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास. कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यांना आढळलं.

हा आकडा मिळाल्यावर मलाही फार आनंद झाला होता. "झालं, बंदी खोटी ठरली!" पण सावकाश. मालकांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत. बहुतेक मालक अमेरिकेतले आहेत. आणि जीवघेणे हल्ले इतके विरळ असतात की सरासरी वागण्याच्या अभ्यासातून त्यांच्याबद्दल थेट निष्कर्ष निघत नाही. या अभ्यासातून एवढंच म्हणता येतं : एखाद्या कुत्र्याचा स्वभाव त्याच्या जातीच्या नावावरून ओळखू जाल तर बहुतेक वेळा फसाल. "जातीचा काहीच संबंध नाही" असं म्हणता येत नाही.

दुसरी अडचण आडून येणाऱ्या कारणांची. भीतीदायक दिसतो म्हणून जो कुत्रा घेतो, तो त्याला कसा वाढवतो? दिवसभर साखळीला बांधतो का, झुंजीला शिकवतो का, लोकांत फिरवतो का? हे सगळं जातीबरोबरच बदलत असेल तर हल्ल्याचं श्रेय जातीला द्यायचं की मालकाला? म्हणून "कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो" ही श्वानप्रेमींची घोषणाही तितकीच अप्रमाणित आहे. दोन्ही बाजू एकाच न मोजलेल्या गोष्टीवर उभ्या आहेत.

प्रश्न चौथा : हे आधी कुणी करून पाहिलंय का?

ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. चार प्रकार : पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. ही चारही नावं आपल्या यादीत आहेत. तिथे इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्यामुळे प्रौढ आणि मुलं मिळून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १९९८ मध्ये दर लाखामागे ६.३४ होतं, ते २०१८ मध्ये १४.९९ झालं. म्हणजे बंदी फसली? पुन्हा सावकाश. त्या नोंदींतही जात नाही, आणि बंदी नसती तर आकडा किती असता हे माहीत नाही. एवढंच म्हणता येतं की बंदीने एकूण चावे कमी झाले असा पुरावा यात नाही. तरी ब्रिटनने २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हा प्रकार यादीत वाढवला.

नेदरलँडने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ मध्ये मागे घेतली. कॅनडातल्या कॅलगरी शहराने जातीऐवजी मालकाच्या जबाबदारीवर भर दिला : प्रत्येक कुत्र्याचा परवाना आणि कडक दंड. एकानेही प्रश्न पूर्ण सोडवलेला नाही. पण तिघांचे अनुभव समोर असताना परिपत्रकात एकाचाही उल्लेख नसणं, ही लिटरेचर रिव्ह्यू नसलेली सिनॉप्सिस झाली.

आणि परदेशात जायचीही गरज नव्हती. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर वीण घ्यायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी नाहीत. हे नियम कुत्रा कोणता हे विचारत नाहीत, माणूस कसा वागतो हे विचारतात. ते किती पाळले गेले याचा आढावा न घेता दुसरं औषध लिहून देणं म्हणजे पहिल्या गोळ्या रोग्याने घेतल्या का हेही न विचारणं.

पण इथेही एकतर्फी कौतुक नको. नोंदणीचं शुल्क पाच हजार रुपये. नियम लिहिताना डोळ्यांसमोर होतं ते केनेल, पिंजरे, रजिस्टर. जानवळच्या अंगणात खाटेखाली झोपणारी मादी आणि तिची सहा पिल्लं त्या नजरेत नव्हती. म्हणजे शहरातला पिल्लांचा कारखाना आणि गावातलं पिढीजात घर कायद्याला सारखंच दिसतं. उद्या "शिकारी कुत्रे" असा "टेरियर"सारखाच सैल शब्द यादीत आला, तर त्या घराने कुणाकडे दाद मागायची?

प्रश्न पाचवा : पद्धत काय होती?

कर्नाटक उच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द केलं ते मुख्यतः पद्धतीवर. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही, समिती नियमाप्रमाणे नव्हती. हे बरोबर वाचा. बऱ्याच जणांनी "कोर्टाने पिटबुलला निर्दोष ठरवलं" असं पोस्ट केलं. न्यायालयाने तसं काही ठरवलेलं नाही. सगळ्यांचं ऐकून, योग्य पद्धतीने केंद्राला पुन्हा पाऊल टाकता येईल, हा मार्ग उघडाच ठेवला. पद्धत चुकली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, निष्कर्ष निराधार राहतो. खोटं आणि निराधार यातला फरक ज्याला कळला त्याला अर्धी रिसर्च मेथडॉलॉजी आली असं समजा.

मग परीक्षणाचा निकाल काय? परीक्षक म्हणून माझा शेरा असा असता : प्रश्न महत्त्वाचा, मांडणी नाकारली, दुरुस्तीसह पुन्हा सादर करावी. दुरुस्त्या तीन. चाव्याच्या प्रत्येक नोंदीत कुत्रा पाळीव की मोकाट, जात किंवा अंदाजे वजन, जखम किती खोल, हे रकाने घाला. पाळीव कुत्र्यांची नोंदणी खरोखर करा, म्हणजे छेद मिळेल. आणि यादी करायचीच असेल तर प्रत्येक नावापुढे कारण लिहा.

यातला पहिला मुद्दा लातूर-नांदेडमध्ये बसून कुणीही सुरू करू शकतं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आरोग्य केंद्रं आहेत, परवानगी काढून एका तालुक्याच्या वर्षभराच्या नोंदी बघता येतील. विषय शोधत असाल तर हा घ्या. मला श्रेय नको, फक्त प्रबंध झाला की वाचायला द्या.

जाता जाता एक कबुली. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही एक वाक्य लिहिलं होतं : "कारवानी कुत्रा स्वभावाने शांत व इमानी असतो." गाईडनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, "कुणी मोजलं?" तेव्हा राग आला होता. माझ्या मामाच्या घरचा कुत्रा होता तसा, मला काय मोजायचं? पण माझं वाक्य आणि "या जाती घातक असतात" हे वाक्य, दोन्ही एकाच मातीचे आहेत. एकात माया आहे, दुसऱ्यात भीती. मोजलेलं दोन्हीत काही नाही.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला कुठलाही एक शासन निर्णय काढा, हेच पाच प्रश्न विचारा आणि दोन पानांत लिहा. आणि लिहून झालं की शेवटी स्वतःच्या सिनॉप्सिसलाही तेच पाच प्रश्न विचारा. हे दुसरं काम जास्त दुखतं, पण व्हायवाच्या दिवशी दुखण्यापेक्षा आज दुखलेलं बरं.